मोरीतून वास का येतो? अर्धे उत्तर जाळीखाली, अर्धे गच्चीवर

मे महिन्याच्या सुट्टीत वीस-पंचवीस दिवस मामाकडे राहून आलेले कुटुंब चांदवडच्या आपल्या घराचे कुलूप उघडते आणि दारातच थबकते. घरभर सडक्या अंड्यासारखा वास. आधी संशय मेलेल्या उंदरावर जातो. कपाटामागे, माळ्यावर, गॅसच्या टाकीमागे शोधाशोध होते. काही सापडत नाही. मग खिडक्या उघडल्या जातात, मोरीत फिनाइल ओतले जाते, वरून दोन बादल्या पाणी टाकले जाते आणि तासाभरात वास गायब होतो. श्रेय फिनाइलला मिळते.

खरे काम केलेले असते पाण्याने. जाळीखालच्या वाकड्या पाइपमध्ये पुन्हा तीन बोटे पाणी साचले आणि गटाराकडून घरात येणारी वाट बंद झाली. घरातल्या प्रत्येक मोरीखाली, बेसिनखाली आणि संडासाच्या भांड्यात एवढेसे पाणी कायम पहाऱ्यावर बसलेले असते. ते जागेवर टिकावे यासाठी गच्चीवर आणखी एक पाइप उभा असतो. अनेक घरांत हा दुसरा पाइप नसतो, किंवा असूनही बुजवलेला असतो. वासाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या दोन ठिकाणी सापडते.

जाळीखाली नेमके काय असते?

मोरीच्या जाळीखाली बसवलेल्या भांड्याला प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. हा शब्द आपल्याकडचाच आहे. न्हाणी म्हणजे आंघोळीची जागा. मराठी आणि गुजराती घरांतला हा शब्द बांधकामाच्या भाषेत असा काही रुळला, की अभियांत्रिकीच्या इंग्रजी पुस्तकांतही तो तसाच छापलेला आढळतो. दिल्लीचा किंवा चेन्नईचा इंजिनीअरही परीक्षेत ‘नहाणी ट्रॅप’ची आकृती काढतो.

ट्रॅपची रचना अगदी साधी आहे. पाइप आधी खाली उतरतो, मग वळून थोडा वर येतो आणि पुढे आडवा जातो. वरून आलेले सांडपाणी पुढे वाहून जाते, पण शेवटचे थोडे पाणी त्या वळणात अडकून राहते. पाण्याला पुढे जाता येते, गॅसला मागे येता येत नाही. या अडकलेल्या पाण्याला ‘वॉटर सील’ म्हणतात. भारतात घरगुती ट्रॅपसाठी हे सील किमान ५० मिलिमीटर असावे, असा दंडक आहे. मोजायचे कसे, यात मात्र गफलत होते. वळणातल्या सगळ्या पाण्याची खोली म्हणजे सील नव्हे. ज्या कडेवरून पाणी पुढे सांडते ती कड आणि वळणाच्या आतल्या बाजूचे खालचे टोक, या दोन पातळ्यांमधले उभे अंतर म्हणजे सील.

बेसिनखाली याच कल्पनेचा बाटलीसारखा अवतार असतो, त्याला बॉटल ट्रॅप म्हणतात. संडासाच्या भांड्याला पी किंवा एस आकाराचा ट्रॅप असतो. पहिल्याचे तोंड मागे भिंतीकडे निघते, दुसऱ्याचे खाली जमिनीत. घराबाहेर, मोरी आणि स्वयंपाकघराचे पाणी चेंबरला मिळण्यापूर्वी, चौकोनी जाळीचा गली ट्रॅप असतो.

जुन्या वाड्यांना यातले काही लागत नसे. मोरीचे पाणी भिंतीतल्या भोकातून थेट बाहेरच्या उघड्या पन्हळीत पडायचे आणि संडास घरापासून लांब, परसात असायचा. गॅस साचायला बंद जागाच नव्हती. रंगमहालाच्या काळातल्या चांदवडकराला ट्रॅपची गरज पडली नाही ती यामुळे. संडास घरात आला, त्याखाली बंद टाकी आली आणि दोघांना जोडणारा बंद पाइप आला, तेव्हा हा प्रश्न घरात शिरला. लंडनमध्ये तो आपल्याआधी शिरला होता. तिथे अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ मध्ये संडासाखालच्या वाकड्या पाइपचे पेटंट घेतले. घड्याळातल्या बारीक चाकांशी खेळणाऱ्या माणसाने शोधलेल्या या उपायात एकही हलणारा भाग नव्हता. म्हणूनच अडीचशे वर्षांनंतरही तो जवळपास तसाच आहे.

तीन बोटे पाण्याची ताकद किती?

फारच कमी. आपल्या भोवतीच्या हवेचा दाब सुमारे १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. ५० मिलिमीटर म्हणजे त्याचा दोनशेवा भाग. सहा इंची स्ट्रॉमधून उसाचा रस तोंडापर्यंत ओढायला जेवढा जोर लागतो, त्याच्या एक तृतीयांश जोर पाइपच्या बाजूने लागला, की सील तुटते.

बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन मात्र एवढा ओढा निर्माण करू शकत नाही. घरगुती पंख्याचा ओढा पाण्याच्या मापात काही मिलिमीटरच असतो. सील भरलेले असेल तर पंखा निर्धोक आहे. सील सुकलेले असेल, तर तोच पंखा दार बंद होताच गटारातली हवा घरात खेचू लागतो. ‘पंखा लावला की वास वाढतो’ ही तक्रार ऐकली, की ट्रॅप कोरडा आहे असे जवळपास खात्रीने समजावे.

मग पाणी जाते कुठे?

पहिला चोर ऊन. चांदवड अवर्षणप्रवण पट्ट्यातला तालुका. मार्च ते जून हवा कोरडी आणि गरम. वापरात नसलेल्या मोरीतले सील काही आठवड्यांत उडून जाते. सील उथळ असेल तर त्याआधीच. पाहुण्यांसाठी बांधलेला आणि नवरात्रात रेणुकामातेच्या यात्रेला नातलग आले तरच उघडणारा वरच्या मजल्यावरचा संडास, विद्यार्थी सुट्टीला गेल्यावर रिकाम्या पडलेल्या भाड्याच्या खोल्या, गच्चीवरची एकटी मोरी, इथे वास हमखास येतो. टंचाईच्या दिवसांत त्यात भर पडते. फरशी धुण्याऐवजी पुसली जाते, मोरीत आंघोळीऐवजी बाहेर बादलीवर काम भागते आणि जाळीखाली पाणी पोहोचतच नाही. पाणी वाचवणे योग्यच आहे, पण प्रत्येक जाळीचा हिस्सा तांब्याभर तरी असतो.

दुसरा चोर घरातलाच आणि अधिक हुशार. ट्रॅक्टरच्या टाकीतून डिझेल काढताना नळीचे एक टोक टाकीत टाकतात, दुसरे तोंडाने ओढून खाली धरतात आणि मग डिझेल आपोआप वाहत राहते. नळीचा बाहेरचा पाय लांब असल्याने त्यातल्या डिझेलचे वजन मागच्या डिझेलला ओढत राहते. एस आकाराच्या ट्रॅपमध्ये अगदी हेच घडते. बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडले, तर ट्रॅपपलीकडचा उभा पाइप पाण्याने पूर्ण भरतो, ओढा तयार होतो आणि शेवटी राहायला हवे ते पाणीही त्याच्यासोबत निघून जाते. त्या वेळचा ‘घर्रर्र’ आवाज सगळ्यांनी ऐकलेला असतो. पाणी छान उतरले असे वाटते. प्रत्यक्षात सील उडालेले असते. पी ट्रॅपनंतरचा पाइप आडवा आणि पुरेसा रुंद असेल, तर तो पूर्ण भरत नाही, वरून हवा खेळत राहते आणि ओढा तुटतो. म्हणून नव्या बांधकामात बेसिन आणि सिंकसाठी पी ट्रॅपच घ्यावा.

तिसरा प्रकार वरच्या मजल्याचा. दुमजली घरात वरचा फ्लश दाबला, की खालच्या मोरीत ‘गुडगुड’ होते. काही घरांत याला भुताखेताचा रंग दिला जातो. कारण साधे आहे. उभ्या पाइपमधून पाणी पडते तेव्हा ते पाइपच्या भिंतीला चिकटून, पोकळ नळीसारखे खाली येते आणि मधल्या हवेला सोबत ओढत नेते. त्यामुळे पडणाऱ्या पाण्याच्या मागे, वरच्या बाजूला हवेची टंचाई होते आणि पुढे, खालच्या बाजूला हवेची गर्दी. टंचाईच्या जागी जोडलेल्या ट्रॅपमधले पाणी पाइपकडे खेचले जाते. गर्दीच्या जागी, म्हणजे पाइप जमिनीत वळतो त्या कोपऱ्यापाशी, हवा उलटी दाबली जाते आणि तळमजल्याच्या ट्रॅपमधून बुडबुडे वर येतात. त्यामुळेच जाणकार प्लंबर तळमजल्याचा संडास मुख्य उभ्या पाइपच्या बुडाशी न जोडता वेगळ्या पाइपने थेट चेंबरला नेतो. अशा प्लंबरला ‘जास्तीचा पाइप कशाला लावतोस’ म्हणून टोकू नये.

हा ओढा एका फटक्यात सील रिकामे करतोच असे नाही. समजा २५ मिलिमीटरचा झटका बसला. त्या क्षणी थोडे पाणी कडेवरून पलीकडे सांडते. झटका संपल्यावर उरलेले पाणी दोन्ही बाजूंना सारखे होते, तेव्हा सील १२-१३ मिलिमीटरने उतरलेले असते. तेवढाच झटका पुन्हा बसला तर आणखी पाणी जात नाही, पण पहाऱ्याची उंची आता ३७ मिलिमीटरच्या आसपास उरली. पुढचे काम ऊन करते. वास कधी येतो, कधी येत नाही, प्लंबर आला की नेमका गायब होतो, यामागे असे मिश्र कारण असते.

एक चोर फारच क्षुल्लक दिसतो. केसांचा गुंता किंवा फडक्याचा धागा ट्रॅपच्या कडेवर अडकला, एक टोक पाण्यात आणि एक पलीकडे लोंबकळत राहिले, की समईच्या वातीसारखा तो पाणी चढवून थेंब थेंब पलीकडे सोडतो. रात्रभरात सील अर्धे होऊ शकते. बाकी सगळे ठीक असताना ज्या घरात सकाळी वास येतो, तिथे जाळी काढून आधी केस काढावेत.

तेलाच्या डब्याला दोन भोके का पाडतात?

पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल गचके देत बाहेर पडते. समोरच्या कोपऱ्यात दुसरे छोटे भोक पाडले की धार सरळ लागते. हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. बाहेर गेलेल्या तेलाची जागा घ्यायला हवा आत यावी लागते. तिला वेगळी वाट दिली नाही, तर ती तेलाच्या वाटेनेच मुसंडी मारते.

गच्चीवरचा व्हेंट पाइप हे घराच्या ड्रेनेजचे दुसरे भोक आहे. संडासाचा उभा पाइप, साधारण ११० मिलिमीटरचा, शेवटच्या मजल्याच्या जोडणीवर न संपवता त्याच जाडीने वर गच्चीच्याही वर नेतात आणि तोंड उघडे ठेवतात. पाणी पडताना लागणारी हवा मग या तोंडातून आत येते आणि ट्रॅपला ओढ बसत नाही. टाकीतला गॅसही याच वाटेने माणसांच्या नाकाच्या वर निघून जातो. एकाच पाइपची ही दोन कामे आहेत. बहुतेकांना दुसरे ठाऊक असते, पहिले नाही. ‘आमच्याकडे वास बाहेर टाकायला सेप्टिक टँकला पाइप आहे’ एवढ्यावर समाधान मानले जाते आणि वरच्या मजल्याचा उभा पाइप मात्र वरून बंद असतो.

बंद का असतो? गावोगावी दिसणारे चित्र असे. घर बांधताना पुढे वरचा मजला चढवायचा म्हणून पाइप स्लॅबच्या हातभर वर सोडलेला असतो. त्यात पोरांनी दगड टाकू नयेत म्हणून सिमेंटच्या पोत्याचा बोळा कोंबलेला असतो, नाही तर प्लास्टिकची बाटली उलटी खोचलेली असते. मजला चढतो तेव्हा गवंडी तो बोळा तसाच ठेवून टोपण लावतो. पुढची वीस वर्षे खालची मोरी गुडगुडत राहते.

टाकीला वेगळा पाइप का हवा, याचे गणित तर आणखी सोपे आहे. फ्लशचे १० लिटर पाणी टाकीत शिरले, की टाकीतली १० लिटर हवा आणि गॅस बाहेर पडायला हवा. वाट नसेल तर तो सर्वांत कमी अडथळ्याच्या ठिकाणी येतो. ते ठिकाण म्हणजे तळमजल्याच्या संडासातले तीन बोटे पाणी.

पाइप किती उंच असावा?

सेप्टिक टँकबाबत भारतीय मानक संस्थेचे मापदंड आहेत. व्हेंट पाइप किमान ५० मिलिमीटर व्यासाचा असावा. टाकी जवळच्या इमारतीपासून १५ मीटर किंवा अधिक दूर असेल तर पाइपची उंची २ मीटर चालते; त्याहून जवळ असेल तर तो इमारतीच्या माथ्यापेक्षा २ मीटर उंच न्यावा. गावातल्या प्लॉटवर टाकी घरापासून १५ मीटर लांब ठेवायला जागा असते कुणाकडे? म्हणजे प्रत्यक्षात पाइप घराच्या वरच न्यायला हवा. तरीही अंगणात छातीएवढ्या उंचीचा पाइप, वर टोपी, आणि शेजारच्या घराची खिडकी नेमकी त्याच उंचीवर, असे दृश्य कमी नाही. शेजाऱ्यांच्या भांडणांत गाड्या लावण्याच्या जागेनंतर या पाइपचा नंबर लागत असावा.

टोपीबद्दल. तोंडावर लावायची सच्छिद्र टोपी बाजारात ‘काऊल’ नावाने मिळते आणि चहा-नाश्त्याच्या खर्चात येते. तिला आतून बारीक जाळी हवी. क्युलेक्स जातीचे डास, जे हत्तीरोगाचा प्रसार करतात, घाण पाण्यात अंडी घालतात आणि सेप्टिक टँक ही त्यांची आवडती जागा आहे. आरोग्य कर्मचारी दर पावसाळ्यात व्हेंट पाइपला जाळी बांधायला सांगतात ते याचसाठी. डेंगीचा डास मात्र स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. त्याच्यासाठी पिंप आणि कूलरच पाहावे लागतात. जाळी म्हणजे जाळीच. काही ठिकाणी प्लास्टिकची पिशवी बांधून वर दोरी आवळलेली दिसते. डास अडतात, पण पाइपही मेला.

घराच्या मधोमध असलेल्या एखाद्या बेसिनला गच्चीपर्यंत पाइप नेणे शक्य नसेल, तर एकतर्फी हवा घेणारा झडप-पाइप मिळतो. पाइपमध्ये ओढा आला की झडप उघडून खोलीतली हवा आत घेते, नंतर आपल्या वजनाने बंद होते. स्वीडनमध्ये १९७० च्या दशकात निघालेली ही युक्ती आता इथेही मिळते. पण ती हवा फक्त आत घेते, गॅस बाहेर सोडत नाही. टाकीच्या व्हेंटची जागा ती घेऊ शकत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

शोषखड्ड्याच्या संडासाला पाइप नसतो, ते चुकीचे आहे का?

नाही, ते बरोबर आहे. तालुक्याच्या खेड्यांत बांधलेल्या दोन शोषखड्ड्यांच्या संडासांना व्हेंट पाइप लागत नाही. खड्ड्याच्या भिंतीला ठेवलेल्या भोकांमधून पाणी आणि गॅस दोन्ही मातीत मुरतात. तरीही सवयीने पाइप लावला जातो आणि त्यातून डासांची सोय होते.

या संडासांचे भांडे वेगळे असते. त्याचा उतार तीव्र आणि सील फक्त २० मिलिमीटरचे. शहरी भांड्याला फ्लशचे सहा ते दहा लिटर लागतात, याला दीड-दोन लिटर पुरतात. लांबून हंड्याने पाणी आणणाऱ्या घरासाठी हा मोठा फरक आहे. बदल्यात पहारा उथळ होतो. हा जाणूनबुजून केलेला सौदा आहे. वाईट काम नव्हे. रोज वापर असेल तर २० मिलिमीटर पुरतात. घर बंद ठेवून ऊसतोडीला किंवा कामाला महिनोन्‌महिने बाहेर गेलेल्यांच्या संडासात मात्र ते टिकत नाहीत.

टाकीतला जो गॅस आपण पाइपने हवेत सोडतो, त्यातला मिथेन हे इंधन आहे. देहूत डॉ. सुहास मापुसकर यांनी याच गॅसचा आयुष्यभर पाठपुरावा केला. संडास थेट बायोगॅस संयंत्राला जोडणारी ‘मलप्रभा’ ही रचना त्यांची. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्यांच्या रचनेत गच्चीकडे जाणाऱ्या गॅसला चुलीचा रस्ता दाखवलेला आहे. नव्या घराचा नकाशा काढताना हा पर्याय विचारायला हरकत नाही, पण शेणाच्या गोबरगॅसची सवय असलेल्या घरांतही ‘संडासाच्या गॅसवर स्वयंपाक’ म्हटले की नाक मुरडले जाते, हेही खरे.

प्रश्न फक्त वासाचा आहे का?

२००३ मध्ये सार्सची साथ आली तेव्हा हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत ३०० हून अधिक रहिवासी आजारी पडले. रुग्ण विशेषतः एका इमारतीत आणि ठरावीक उभ्या रांगेतल्या घरांत सापडत होते. तपासात संशयाची सुई बाथरूमच्या जमिनीवरच्या ट्रॅपकडे वळली. तिथले रहिवासी फरशी धूत नव्हते, पुसत होते. ट्रॅप कोरडे होते. जुलाब झालेल्या एका रुग्णाने संडास वापरल्यानंतर पाइपमधले सूक्ष्म थेंब, एक्झॉस्ट पंख्यांच्या ओढीने, कोरड्या ट्रॅपमधून वरखालच्या घरांत पोहोचले असावेत, असा निष्कर्ष काढला गेला. त्यानंतर तिथल्या सरकारने लोकांना दिलेला सल्ला आजही कायम आहे: आठवड्यातून एकदा प्रत्येक जाळीत अर्धा लिटर पाणी ओता.

आपल्याकडे धोका वेगळ्या वाटेने येतो. सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो. नाक हा वायू अत्यल्प प्रमाणातही ओळखते, त्यामुळे घरातला वास साधारणपणे सूचना असते, लगेच जिवावरचे संकट नव्हे. पण हवेच्या दहा लाख भागांत सुमारे शंभर भागांपर्यंत प्रमाण गेले, की नाकाची जाणीवच बधिर होते. वास येणे थांबते आणि माणसाला वाटते, धोका टळला. सेप्टिक टँकमध्ये उतरलेला माणूस कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो, त्यामागे हे आहे. टाकीला उत्तम व्हेंट आहे, झाकण दोन दिवस उघडे ठेवले आहे, म्हणून आत उतरणे सुरक्षित होत नाही. गॅस गाळात अडकलेला असतो आणि फावडे लागताच सुटतो.

सुरक्षा साधनांशिवाय कुणालाही टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवलेली १० लाखांची भरपाई ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाखांवर नेली. कायदा शहराला आणि खेड्याला सारखाच लागू आहे. टाकी उपसायची असेल तर मैला उपसणारी टँकर गाडी बोलवावी. चार पैसे वाचवायला दोन मजुरांना बादली-दोरी देणाऱ्या घरमालकाने हे वाक्य पुन्हा वाचावे.

वास घालवण्याच्या नादात होणारा आणखी एक अपघात बाथरूममध्येच होतो. फिनाइलने भागत नाही म्हणून अॅसिड, त्याने भागत नाही म्हणून लगेच वरून ब्लीचिंग पावडर. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो, आणि बाथरूम ही त्यासाठी सर्वांत वाईट जागा आहे. शिवाय हे सगळे टाकीत उतरले की मैला कुजवणारे जिवाणू मरतात, टाकी लवकर भरते, वास वाढतो.

घरच्या घरी तपासायचे कसे?

जाळी उचला आणि मोबाइलचा टॉर्च मारा. आत पाणी चमकले तर सील आहे. अंधारी कोरडी नळी दिसली तर नाही. जुन्या प्रकारच्या काही ट्रॅपमध्ये उलटी वाटी बसवलेली असते. तिची कड पाण्यात बुडाली तरच सील तयार होते. या वाटीत केस अडकतात, पाणी तुंबते, आणि वैतागून कुणीतरी ती काढून खिडकीत ठेवून देते. खिडकीतली ती वाटी शोधा. अमेरिकेच्या अनेक भागांत लागू असलेल्या प्लंबिंग संहितेत अशा वाटीच्या ट्रॅपना मनाईच आहे, कारण वाटी निघाली की ट्रॅप उरतच नाही. नवीन फरशी करताना वळणाचा, खोल सीलचा ट्रॅप बसवून घ्यावा. फरशीखाली गेलेली वस्तू पुन्हा बदलायला फरशीच फोडावी लागते, त्यामुळे इथे पन्नास-शंभर रुपयांची घासाघीस महागात पडते.

बेसिनखाली वाकून पाहा. पांढरा लवचीक पाइप थेट भिंतीतल्या भोकात खुपसलेला असेल आणि भोकाभोवती फट असेल, तर ट्रॅप कितीही चांगला असला तरी वास त्या फटीतून येणार. वॉशिंग मशीनचा पाइप मोरीच्या जाळीत खोचला असेल तर जाळीचे उरलेले तोंडही तपासा. आणि एका पाइपवर दोन ट्रॅप लागलेले नाहीत ना, हे पाहा. वास थांबत नाही म्हणून बेसिनला एक आणि पुढे मोरीआधी दुसरा ट्रॅप लावला जातो; मधली हवा दोन पाण्यांत कोंडते, पाणी उतरेनासे होते आणि दुरुस्तीतून नवीन दुखणे उभे राहते.

मग एकाला वरच्या मजल्यावर पाठवून फ्लश दाबायला सांगा आणि स्वतः खालच्या मोरीपाशी थांबा. पाण्याची पातळी जरा हलली तर चिंता नाही. गुडगुड झाली, पातळी खाली गेली किंवा बुडबुडे आले, तर गच्चीवर जाऊन पाइपचे तोंड पाहायचे. बोळा, टोपण, पक्ष्याचे घरटे, यातले काहीतरी सापडते. पाइपच नसेल तर शेवटच्या जोडणीपासून वर नेण्याचे काम प्लंबरचे अर्ध्या दिवसाचे आहे. त्यासाठी फरशी फोडावी लागत नाही.

महिनाभरासाठी घर बंद करायचे असेल, तर निघण्याच्या दिवशी प्रत्येक मोरीत, बेसिनमध्ये आणि न वापरत्या संडासात तांब्याभर पाणी ओतून त्यावर चमचाभर गोडेतेल सोडावे. तेलाचा पापुद्रा पाण्यावर तरंगतो आणि बाष्पीभवन मंदावते. जाळीवर ओले फडके टाकून जाऊ नये. त्याचे टोक आत गेले तर तेच वातीचे काम करते. परत आल्यावर आधी प्रत्येक जाळीत पाणी, मग खिडक्या, आणि एक्झॉस्ट पंखा सर्वांत शेवटी.